दोन कार्बुरेटर, तीन शेजारी आणि सासूबाई

माझ्या गाडीला दोन कार्बुरेटर आहेत, म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून पाजणारी दोन भांडी. साध्या माणसांच्या साध्या गाड्यांना एकच असतो आणि त्यांचं उत्तम चालतं. पण ही पडली स्पोर्ट्स कार. दोनच माणसं बसतात, डोक्यावर कापडी छत, आणि बसायचं म्हणजे जवळजवळ रस्त्यावरच बसायचं. तर हिला दोन. दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे. एकाने जास्त ओढली की दुसरा रुसतो आणि गाडी खोकायला लागते. ज्याच्या घरात दोन मुलं आहेत आणि केकचा शेवटचा तुकडा एकच आहे, त्याला याहून जास्त समजावायची गरज नाही.

गाडीच्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही. ती बिचारी केव्हाच बंद पडली, आणि गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये. गाडी का घेतली, हेही मला विचारू नका. हिलरीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, ते विचारून झालेलं आहे.

गाडी दारात आली त्या रविवारी सासूबाई जेवायला होत्या. एनिड त्यांचं नाव. वय शहात्तर, उंची बेताची, जीभ पुरेशी. ही गाडी जिथे बनली त्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात त्या शिवणखात्यात होत्या. अख्खं तरुणपण त्यांनी याच गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवण्यात घालवलं. त्यांनी इंजिनाकडे ढुंकून पाहिलं नाही. दार उघडलं, सीट दाबली, कडेची शिवण अंगठ्याने चाचपली.

"शिवण बरी आहे," त्या म्हणाल्या.

"तुमच्याच हातची असेल कदाचित!" मी उत्साहाने म्हणालो.

"आम्ही काय त्यावर नाव घालत होतो? आणि लायनेल, या सीटला हात लावायचा नाही. बाकी गाडीचं काय वाटोळं करायचंय ते कर."

मग जरा वेळाने, बटाटे वाढून घेताना, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मी कधी बसले नाही यात."

"म्हणजे?"

"म्हणजे बसले नाही. कव्हर झालं की खालच्या मजल्यावर जायचं. खाली गेलं की ते साहेबांचं. आमच्या खात्यातली एकही बाई कधी बसली नाही." त्यांनी बटाट्यावर मीठ घातलं. "जूनमध्ये आमच्या शिवणखात्याच्या बायकांचा मेळावा आहे. कारखान्याच्या जुन्या मैदानावर. बेरिल येणार आहे."

बेरिल हे नाव आमच्या घरात शिवी म्हणून वापरलं जातं. सासूबाईंना डावलून जिला खात्याची मुकादम केलं ती ही बेरिल. तिने एकदा सासूबाईंची शिवण सगळ्यांदेखत उसवली होती. या गोष्टीला तेव्हा पस्तीस वर्षं होऊन गेली होती, पण सासूबाई सांगायच्या ते आज सकाळी झाल्यासारखं.

"मला या गाडीतून जायचंय," त्या म्हणाल्या. "छत उघडं टाकून."

सासूबाईंनी त्याआधी माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे मी त्यांच्या मुलीशी लग्न करू नये. ती मी त्यांना देऊ शकलो नव्हतो. त्यामुळे ही दुसरी मागणी मोडायची माझी छाती झाली नाही.

"चिंताच करू नका!" मी म्हणालो. हिलरीने डोळे मिटून घेतले.

मी नगरपालिकेच्या पथदिवे खात्यात आहे. अर्ध्या गावाचा उजेड माझ्या सहीने पडतो. तेव्हा एका गाडीचं काम मी घरच्या घरी करू शकेन असं मला वाटलं, तर त्यात माझं काय चुकलं? गॅरेजवाल्याच्या हाती गाडी देणारा माणूस आमच्याकडे जरा कमी प्रतीचा समजतात. शनिवारी सकाळी जुनी पँट घालून, हातात पाना घेऊन, दारातल्या गाडीखाली पाय बाहेर ठेवून पडायचं, हीच सभ्य गृहस्थाची खूण. मी पडलो. आणि माझे पाय दिसताच शेजारी जमले.

पहिला आला नॉर्मन. पलीकडच्या कुंपणावरून आधी त्याची टोपी दिसली, मग तो. हयात बोटीवर इंजिनखान्यात गेली, त्यामुळे बोटीपेक्षा लहान असलेल्या प्रत्येक यंत्राबद्दल त्याला कीव येते.

"आवाज ऐकला," तो म्हणाला. "म्हटलं, कुणी संकटात आहे."

"कार्बुरेटर जुळवतोय."

"हे इंजिन उपाशी आहे रे लायनेल! पेट्रोल घाल त्याला. बोटीवर आम्ही इंजिनाला कधी उपाशी ठेवलं नाही. आण तो स्क्रू ड्रायव्हर."

आता इथे आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा अनर्थ तिच्यातूनच झाला. मदतीला आलेल्या माणसाला 'नको' म्हणता येत नाही. ते फार उद्धट दिसतं. उलट त्याला चहा विचारावा लागतो. आणि तो चहा यजमानाने स्वतः आत जाऊन, किटली उकळून, कप गरम करून, पत्ती मुरेपर्यंत थांबून आणावा लागतो. म्हणजे मदत करणारा बाहेर गाडीजवळ एकटा आणि गाडीचा मालक आत चहाजवळ एकटा, अशी परिस्थिती ओघानेच येते.

मी चहा घेऊन आलो तेव्हा नॉर्मनने दोन्ही स्क्रू भरपूर फिरवले होते. गाडी धडाधडा चालत होती आणि मागून काळा धूर येत होता. "बघ, पोट भरलं तिचं," नॉर्मन समाधानाने म्हणाला, चहा प्यायला आणि गेला.

रविवारी चर्चहून परतताना ग्विन थांबला. ग्विन समोरच्या घरात राहतो. जातीचा वेल्श, धंदा पियानो सुरात लावायचा. दोन कार्बुरेटर जुळवायची खरी पद्धत म्हणजे एका रबरी नळीचं टोक कानाला लावायचं, दुसरं कार्बुरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि फूस्स असा जो आवाज येतो तो दोन्हीकडे सारखा करायचा. ग्विनला हे समजलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला. इतकी वर्षं पियानोच्या पोटात डोकं घातल्यावर देवाने त्याच्यासाठी ही नळी पाठवली होती.

"हे काम नॉर्मनचं का?" त्याने नळी कानाला लावत विचारलं.

"हो."

"वा. मजेशीर आहे."

आमच्याकडे कुणी कुणाच्या कामाला वाईट म्हणत नाही. मजेशीर म्हणतात. मजेशीर म्हटलं की ते मुळापासून उखडायला झालंय असं समजायचं, पण तोंडावर बोलायचं नाही.

"पुढचा किंचित खाली गातोय रे," ग्विन डोळे मिटून म्हणाला. "मागचा वर. एक चहा मिळेल का?"

चहा घेऊन आलो तो गाडी अगदी हलकी, गोड गुणगुणत होती. फक्त जागची हलत नव्हती. पाय दाबला की बंद पडायची.

तिसऱ्या आल्या डॅफ्नीबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, कोपऱ्यावरचं घर. त्यांनी वाचनालयातून गाडीचं माहितीपुस्तक आणलं होतं आणि ते त्या माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत.

"काय लिहिलंय, लायनेल?"

"इंजिन पूर्ण तापलेलं असताना स्क्रू फिरवावा."

"तापलंय का?"

"नाही, मॅडम."

"मग चहा करून ये. तोवर तापेल."

मी वयाने बावन्न, पथदिवे खात्याचा उपप्रमुख, आणि माझ्याच दारात मी 'नाही, मॅडम' म्हणत होतो.

असे आठवडे चालले. मी संध्याकाळी गाडी नीट करून झोपायचो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी डोकावून, चहा पिऊन गेलं की ती वेगळ्याच आवाजात बोलायची. कधी ढेकर, कधी खोकला, कधी नुसता उसासा. करणीबिरणी आमच्याकडे कुणी मानत नाही. आम्ही सगळा दोष हवेतल्या ओलाव्याला देतो. मीही दिला. गाडीवर जुनी रजई घालून झोपवली. हिलरी म्हणाली, "मला कधी घातली नाहीस."

मध्यंतरी मी दिव्यांचं काम काढलं होतं. ते तर माझंच खातं. जुन्या तारा उपटल्या, नव्या घातल्या, आणि हॉर्नही नवा, मोठ्या आवाजाचा बसवला. सगळं जोडून झाल्यावर असं आढळलं की ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो आणि डावीकडे वळायचा दिवा लावला की काच पुसायचे वायपर चालू होतात. माझ्या मते यात फार बिघडलं नव्हतं. पाऊस आला की डावीकडे वळायचं.

सरकारी वार्षिक तपासणीच्या माणसाचं मत निराळं पडलं. तपासणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. हा माणूस उंच, सौम्य, दुःखी चेहऱ्याचा होता. त्याने ब्रेक दाबला, हॉर्न वाजला, तो दचकला आणि त्याने गाडीला "सॉरी" म्हटलं. मग गाडीखाली गेला आणि बराच वेळ आला नाही.

"साहेब," खालून आवाज आला, "तुमच्या गाडीच्या तळाला एक राजवाडा आहे."

त्याचं असं झालं होतं. गाडीचा तळ गंजून भोक पडलं होतं, म्हणून मी बिस्किटांच्या जुन्या डब्याचं झाकण कापून तिथे चिकटवलं होतं. त्यावर राजवाड्याचं चित्र होतं. काळा रंग द्यायचा तेवढा राहिला होता.

"चित्र अतिशय सुंदर आहे," तो बाहेर येऊन म्हणाला. "पण बिस्किटाच्या डब्याला मी पास करू शकत नाही. मला फार वाईट वाटतं."

त्याला खरंच वाईट वाटत होतं. मीच त्याची समजूत घातली आणि घरी आलो.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "झाली का पास?"

"जवळजवळ."

"बेरिलही जवळजवळच शिवायची. तिला मुकादम केलं, तुला कोण करणार?" फोन ठेवला.

त्या दिवशी मी हात धुतले आणि पाने डब्यात भरून ठेवले. हिलरीला म्हणालो, टॅक्सी सांगू आपण. चांगली, मोठी, काळी. तिच्या आईला काय, पोचण्याशी मतलब.

हिलरी भांडी विसळत होती. ती थांबली. "आईने रुमाल घेतलाय," ती म्हणाली. "रेशमी. उघड्या गाडीत केस उडू नयेत म्हणून. मी गेले तेव्हा आरशासमोर तो डोक्याला बांधून बसली होती. खुर्चीत. आणि असा हात बाहेर काढून ठेवला होता, खिडकीवर ठेवतात ना, तसा. मला बघून म्हणाली, मान दुखतेय."

मला गलबलून आलं. सासूबाईंबद्दल मला असं काही वाटू शकतं हे माझं मलाच नवीन होतं. मी पुन्हा जुनी पँट चढवली.

तळ शेवटी गॅरेजात नेऊन खऱ्या पत्र्याने जोडून घेतला. अब्रू गेली म्हणा, पण ती राजवाड्याबरोबर गेलीच होती. तारा मी स्वतः, एकेक, रंग बघून पुन्हा जोडल्या. दुसऱ्या खेपेला तो दुःखी माणूस गाडीखालून बाहेर आला तेव्हा पहिल्यांदाच हसला. पास! माझा हात हातात घेऊन त्याने हलवला. मग बॉनेटकडे कान करून म्हणाला, "इंजिनाचा आवाज मात्र मजेशीर आहे."

मेळाव्याचा रविवार उजाडला तो लख्ख. सासूबाई रुमाल बांधून, काळा चष्मा लावून, पर्स मांडीवर घेऊन तयार होत्या. गाडीत बसणं हा एक कार्यक्रमच झाला. आधी पाठ, मग एक पाय, मग थोडा विसावा, मग दुसरा.

"ही गाडी आहे की खड्डा?" त्या म्हणाल्या. हातमोजा काढून त्यांनी सीटच्या कडेवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "चल," त्या म्हणाल्या.

निरोपाला सगळी गल्ली होती. नॉर्मन, ग्विन आणि हिलरी हे तिघं डॅफ्नीबाईंच्या गाडीत बसून 'फक्त कोपऱ्यापर्यंत' आमच्या मागे निघाले. कोपरा गेला. त्यानंतरचेही सगळे कोपरे गेले. ते मागेच होते.

गावाबाहेर मोकळा रस्ता लागला. वारा आला, रुमालाची टोकं फडफडू लागली. सासूबाईंनी हात बाहेर काढून दारावर ठेवला. मी तिकडे बघितलं नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

आणि चढाला गाडी खोकली. एकदा, दोनदा, मग एक लांब उसासा टाकून अर्ध्या चढावर थांबली. मी हँडब्रेक ओढला.

"पोचलो?" सासूबाईंनी विचारलं.

मागची गाडी थांबली. नॉर्मन पाना घेऊन उतरला, ग्विन नळी घेऊन, डॅफ्नीबाई पुस्तक घेऊन आणि हिलरी चहाचा थर्मास घेऊन. बॉनेट उघडलं. चौघं आत बघत उभे राहिले. मग नॉर्मनने घसा खाकरला.

"सॉरी, लायनेल. माझ्यामुळे झालं असेल. परवा तू चहा करायला गेलास ना, तेव्हा मी जरा... ग्विनने फार उपाशी ठेवली होती तिला. त्याला बोललो असतो तर वाईट वाटलं असतं."

"नाही नाही, चूक माझी," ग्विन म्हणाला. "तू गेल्यावर मी परत कमी केलं. तुझं काम छानच होतं नॉर्मन, फक्त सूर..."

"दोघंही बाजूला व्हा," डॅफ्नीबाई म्हणाल्या. त्या चक्क लाजल्या होत्या. "तुमच्या दोघांच्या नंतर मी रोज पुस्तकाप्रमाणे करून ठेवत होते. लायनेल तेव्हा दुधाला गेलेला असायचा."

"रोज?" मी म्हणालो.

"मला वाटलं, तुम्हा कुणाला कळणार नाही आणि कुणाचं मनही दुखावणार नाही."

मी हिलरीकडे बघितलं. ती थर्मासचं झाकण फिरवत होती.

"एक स्क्रू फार वर आलेला दिसायचा," ती म्हणाली. "बरं दिसत नव्हतं. मी तो आत करायचे."

त्यानंतर जे झालं ते फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. चौघं एकमेकांची माफी मागू लागले. नाही, माझीच चूक. छे छे, तू कसला चुकतोस. प्रत्येकाला पूर्ण दोष स्वतःलाच हवा होता आणि दुसऱ्याला त्यातला तुकडाही द्यायची कुणाची तयारी नव्हती.

"तुमचं माफी मागून झालं की सांगा," गाडीतून सासूबाईंचा आवाज आला. "तिकडे सँडविच संपतील." आवाज नेहमीसारखा होता, पण त्यांनी दारावरचा हात आत घेतला होता. रुमालाची गाठ सोडायला लागल्या होत्या.

"मी जरासं बघतो," नॉर्मनने पाना उचलला. "थांब, आधी मी ऐकतो," ग्विनने नळी काढली. "पान किती ते..." डॅफ्नीबाईंनी पुस्तक उघडलं. आणि तिघांचे तीन हात माझ्या इंजिनात शिरले.

"हात लावू नका!" मी ओरडलो.

मी आयुष्यात असा ओरडलो नव्हतो. भर रस्त्यात, रविवारी. चढ चढणारा एक अनोळखी सायकलवाला थांबला, खाली उतरला आणि म्हणाला, "सॉरी."

"कुणीही हात लावायचा नाही," मी म्हणालो. "गाडी माझी आहे. मदत नको. चहासुद्धा नको!"

चहाचं ऐकून हिलरीने थर्मास छातीशी धरला. तिघं दोन पावलं मागे सरले. नॉर्मनने टोपी काढली, का ते त्याचं त्यालाच माहीत. मी ग्विनच्या हातून नळी घेतली. हिलरीला चालकाच्या जागी बसवलं, किल्ली फिरव आणि पाय हलका ठेव म्हटलं. इंजिन कुरकुरत चालू झालं. पुढच्याला नळी लावली, ऐकलं. मागच्याला लावली, ऐकलं. थोडा स्क्रू इकडे, थोडा तिकडे. खाली गातोय की वर, मला त्यातलं काही कळत नाही. पण इतके आठवडे रोज संध्याकाळी मी हाच आवाज ऐकत आलो होतो. फूस्स. फूस्स. एका क्षणी दोन्ही सारखे झाले. खरंच झाले की मला तसं ऐकायचं होतं, ते देव जाणे. पण इंजिनाची कुरकुर थांबली आणि ते नीट, गुबगुबीत आवाजात चालायला लागलं.

"अरे!" ग्विन म्हणाला, आणि हाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं.

मी बॉनेट लावलं. सासूबाईंनी रुमालाची गाठ पुन्हा आवळली. "इतक्या वर्षांत," त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा तू ठामपणे काही बोललास. दर रविवारी बोलत जा." आणि आम्ही चढ चढून पलीकडे उतरलो.

मैदानावर लांब टेबलं होती, पांढरी मेजपोसं, सँडविच अजून शिल्लक. शिवणखात्यातल्या डझनभर बायका, सगळ्या सत्तरीच्या पुढच्या, कप हातात धरून उभ्या होत्या. आमची गाडी फाटकातून आत आली तसे एकेक कप खाली ठेवले गेले. सासूबाई समोर बघत होत्या, मान ताठ. गाडी थांबल्यावरही त्या लगेच उतरल्या नाहीत. सगळ्यांनी बघून घेतल्याची खात्री झाल्यावर उतरल्या.

बेरिल काठी टेकत पुढे आली. उंच, वाळकी, मी कल्पिलेली राक्षसीण कुठेच दिसेना.

"एनिड."

"बेरिल."

"हवा बरी आहे."

"बरी आहे."

झालं. पस्तीस वर्षांचा हिशोब एवढ्यात मिटला की तुंबून राहिला, मला कळलं नाही. बेरिल गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि वाकून सीटवर हात फिरवू लागली. बाकीच्याही जमल्या. कुणी शिवण बघतंय, कुणी कोपरे. गाडीला इंजिन आहे याची कुणी दखल घेतली नाही.

"एवढ्या शिवल्या," एक म्हणाली, "पण यात बसलंय का गं कुणी?"

कुणीच बसलं नव्हतं.

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. परवानगी मागायची त्यांना सवय नाही, त्यामुळे ती मागितली असं मी म्हणणार नाही. "माझा जावई एकेकीला फेरी मारून आणेल," त्यांनी जाहीर केलं. "मैदानाला एक. वयाने लहान ती आधी."

आमच्या लोकांना रांग लावायला सांगावं लागत नाही. ती दुसऱ्या क्षणी लागली होती. बेरिल वयाने सगळ्यांत मोठी. ती शेवटी जाऊन उभी राहिली. सासूबाईंनी वयाचा नियम का काढला हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं, आणि मनात आलं, ही बाई या जन्मी सुधारायची नाही.

मी फेऱ्या मारू लागलो. एकीची टोपी उडाली ती परत घ्यायला तिने थांबू दिलं नाही, जाऊ दे म्हणाली. एक पूर्ण फेरीभर किंचाळत होती आणि उतरल्यावर म्हणाली, फार शांत गाडी आहे. एकीला नुसतं रडू आलं. नॉर्मन, ग्विन आणि डॅफ्नीबाई टेबलापाशी हात मागे बांधून उभे होते. फेरीगणिक इंजिन तापत चाललं होतं. मुंगीच्या गतीने गोल गोल फिरायला ते बनलेलंच नव्हतं. तापमानाचा काटा वर सरकत होता, तो मला दिसत होता. पण रांगही दिसत होती, आणि 'नको' म्हणायची माझी दिवसाची शिदोरी चढावर संपली होती.

बेरिलची पाळी आली. तिने काठी बाहेर कुणाकडे तरी दिली, हळूहळू आत बसली, स्कर्ट नीट केला. मी किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. बॉनेटच्या फटीतून वाफ आली.

"थंड होऊ द्यावी लागेल," मी म्हणालो. "तासभर तरी."

फाटकाशी बायकांना घरी नेणारी बस येऊन उभी होती. चालकाने हॉर्न वाजवला.

"हरकत नाही," बेरिल म्हणाली. "बसायला तर मिळालं." ती समोरच्या काचेतून मैदानाकडे बघत होती. उतरायचं मात्र तिच्याने होत नव्हतं. एक हात तिने हळूच दारावर ठेवला होता.

मी सासूबाईंकडे बघितलं. हा क्षण त्यांचा होता. बेरिल शेवटची, गाडी बंद, बस तयार. देवाने त्यांच्या मापाने शिवून द्यावा असा क्षण. त्या बेरिलच्या दारावरच्या हाताकडे बघत होत्या. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी पर्स हिलरीच्या हातात दिली, चष्मा काढून तोही दिला, आणि चालत गाडीच्या मागे गेल्या.

"बघता काय गं?" त्या ओरडल्या. "लावा हात!"

नॉर्मन धावत आला. "बोटीवर आम्ही..."

"तू नाही," सासूबाई म्हणाल्या. "शिवणखातं."

डिकीला हात लागले. सुजलेल्या बोटांचे, अंगठ्या न निघणारे हात. कुणी कडेने धरलं, कुणी पाठ लावली. मी गियर काढला, हँडब्रेक सोडला आणि स्टिअरिंग धरून बसलो. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग चाक हललं.

गाडी गवतावरून सरकू लागली. मागे धापा, हसणं, कुणाचा तरी बूट निघाल्याची तक्रार. बसच्या चालकाने हॉर्न वाजवायचं थांबवलं होतं. तो खाली उतरून बघत होता.

"डावीकडे ओढतेय गाडी," बेरिल मागे न बघता म्हणाली. "एनिड, उजवा हात सैल सोड."

"तू गप बस आणि समोर बघ," मागून सासूबाईंचा धापा टाकणारा आवाज आला. "वारा लागतोय का?"

बेरिलने मान जरा वर केली. पांढऱ्या केसांची एक बट हलली.

"लागतोय," ती म्हणाली. "थोडा."

"थोडा म्हणतेय गं ती," सासूबाई म्हणाल्या. "जोरात ढकला."